दोन घाण्यांच्या मधली वेळ : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आज चाखणीच्या टेबलावर परवाच्या दोन घाण्यांचे कप शेजारीशेजारी होते. एकाच पोत्यातल्या कॉफीच्या बिया, एकाच दिवशी भाजलेल्या, पहिला घाणा आणि तिसरा घाणा. तिसऱ्यात लिंबाच्या सालीसारखा तरतरीत आंबटपणा होता आणि मागून मधाचा गोडवा. पहिल्यात आंबटपणा दबलेला, गोडवा असून नसल्यासारखा, आणि घोट गिळल्यावर जिभेवर ओल्या पुठ्ठ्याची चव रेंगाळली. पॅकिंग आणि चाखणी बघणारा मुलगा माझ्याआधी बोलला, "ताई, हे दोन्ही एकच आहेत? नक्की?"

एकच आहेत. वॉश्ड प्रक्रियेच्या, म्हणजे फळाचा गर धुऊन काढून वाळवलेल्या बिया, प्रत्येक घाण्याला ४ किलो. पहिली तडतड, म्हणजे भाजताना बिया फुटल्याचा पहिला आवाज, एकात ८ मिनिटं ५० सेकंदांनी, दुसऱ्यात ८ मिनिटं ५४ सेकंदांनी. दोन्ही घाणे सव्वादहा मिनिटांच्या आसपास बाहेर काढले. तापमानाचे आलेख एकावर एक ठेवले तर रेषा दोन आहेत हे सांगावं लागतं.

ते आलेख काढणारा प्रोग्रॅम माझाच. दिवसा कॉफी भाजायची आणि संध्याकाळी त्या भाजण्याचं सॉफ्टवेअर लिहायचं, असं चार वर्षं चाललंय. त्याआधी आर्टिझन वापरत होते. तो मुक्त स्रोत प्रोग्रॅम उत्तम आहे, आणि भाजण्याबद्दल मी जे शिकले त्यातलं बरंचसं त्याच्या पडद्याकडे बघत शिकले. स्वतःचा लिहायला घेतला, कारण कच्च्या मालाचा साठा, ऑर्डरी, चाखणीचे गुण आणि आलेख मला एकाच जागी हवे होते.

आज त्याच प्रोग्रॅमच्या भरवशावर आम्ही लोकांना सांगतो की ही पिशवी मागच्या पिशवीसारखीच लागेल. त्यामुळे हा विषय सोडून देता येणार नाही. आलेख सारखे आणि कप वेगळे, म्हणजे एकतर आलेख चुकतोय, नाहीतर जे बदललं ते आलेखात येतच नाहीये. यातलं कुठलं ते शोधायचं आहे. त्यासाठी या नोंदी.

७ जानेवारी

पुढे गोंधळ नको म्हणून आधी जोडणी लिहून ठेवते.

५ किलोचा ड्रम रोस्टर, खाली गॅसचा बर्नर. तापमान मोजायला दोन थर्मोकपल, दोन्ही के-टाईप. एक बियांच्या राशीत बुडतो, दुसरा बाहेर जाणाऱ्या हवेच्या नळीत बसवलाय. के-टाईप एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. इतका क्षीण विद्युतदाब बाजूच्या मोटरने सहज बिघडतो, म्हणून या वायरी मोटरच्या वायरींपासून लांबून नेल्या आहेत. प्रत्येकाला एक मॅक्स ३१८५५ चिप. ती ०.२५ अंशाच्या पायरीने तापमान सांगते. तिथून मायक्रोकंट्रोलर, मग सिरीयल वायरने रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर. त्यावरचा पायथनमधला प्रोग्रॅम दर सेकंदाला एक वाचन घेतो आणि एसक्यूलाईट डेटाबेसमध्ये टाकतो. बिया ड्रममध्ये टाकताना 'चार्ज' दाबलं की नोंद सुरू, बाहेर काढताना 'ड्रॉप' दाबलं की नोंद बंद.

गॅसचा दाब मॅनोमीटरवर बघून वहीत लिहिते. तो प्रोग्रॅममध्ये नाही.

९ जानेवारी

पहिला संशय वेगाच्या हिशोबावर. भाजताना नुसत्या तापमानाकडे बघून भागत नाही. ते मिनिटाला किती अंशांनी चढतंय हे बघावं लागतं. माझ्या मशीनवर सुरुवातीला हा वेग २० च्या घरात असतो, तडतडीपर्यंत ८-१० वर येतो, आणि तिथूनही तो सावकाश उतरत राहावा अशी माझी धडपड असते. तडतडीच्या वेळी बियांमधली वाफ एकदम सुटते. तेव्हा हा वेग कोसळला तर कप सपाट होतो, हा माझा तरी अनुभव आहे. माझा प्रोग्रॅम आलेख गुळगुळीत करण्याच्या नादात नेमकं हे कोसळणं पुसून टाकत असेल, तर दोन वेगळे घाणे सारखे दिसतील.

कागदावर मांडलं. चिपची पायरी ०.२५ अंश. लागोपाठच्या दोन वाचनांतला फरक घेतला तर तो बहुतेक वेळा ० नाहीतर ०.२५. मिनिटाच्या हिशोबात ०.२५ गुणिले ६०, म्हणजे १५. वेग एकतर ० दिसणार नाहीतर १५. अधलंमधलं काही नाही. म्हणून मी आजवर ३० सेकंदांपूर्वीच्या वाचनाशी तुलना करत होते. तिथे पायरी अर्ध्या अंशावर येते, ते चालतं. पण ३० सेकंदांच्या खिडकीत दिसणारा वेग हा त्या खिडकीच्या मध्यावरचा, म्हणजे १५ सेकंदांपूर्वीचा असतो. तडतड ते ड्रॉप यांत माझ्याकडे जेमतेम ८५ सेकंद असतात. तिथे १५ सेकंद शिळी बातमी फार झाली.

आता दोन वेगळे हिशोब ठेवलेत. भाजताना पडद्यावर जो वेग दिसतो तो शेवटच्या २१ वाचनांमधून सर्वांत जवळून जाणाऱ्या सरळ रेषेचा चढ. दोन टोकांऐवजी सगळे बिंदू धरल्यामुळे तो शांत राहतो आणि उशीर १० सेकंदांवर आला. घाणा संपल्यावर अभ्यासासाठी सॅवित्स्की-गोले पद्धत. ती १९६४ सालची, रसायनशास्त्रातल्या मोजमापांसाठी मांडलेली. प्रत्येक बिंदूच्या दोन्ही बाजूंची वाचनं ती विचारात घेते, त्यामुळे उशीर राहत नाही. पण पुढची वाचनं हातात असावी लागतात, म्हणून भाजता भाजता ती उपयोगाची नाही.

कच्ची वाचनं मी कधीच फेकत नाही, त्यामुळे परवाचे दोन्ही घाणे नव्या हिशोबातून पुन्हा काढता आले. दोन्ही अजूनही सारखेच. तडतडीजवळची घसरणसुद्धा सारखी. संशय खोटा ठरला, सुधारणा मात्र राहील.

१२ जानेवारी

आज कोड नाही. सकाळी सहा घाणे, दुपारी फोलपटांची पेटी रिकामी केली आणि हवेच्या नळीचं पहिलं वळण खरवडलं. भाजताना बियांवरची पातळ साल सुटते ती सगळी तिथे जमते. कोरडी, हलकी, एका ठिणगीने पेटेल अशी. नळीत चिकट थर बसला की हवा कमी ओढली जाते आणि भाजणं आपल्या नकळत बदलतं. हे काम पुढे ढकललं जाऊ नये म्हणून प्रोग्रॅम घाणे मोजतो आणि आठवण करतो: दर १२ घाण्यांनी पेटी, दर ६० घाण्यांनी नळी. आठवण आल्यावर काम झालं असं नोंदवल्याशिवाय पुढचा 'चार्ज' दाबता येत नाही. चार वर्षांतल्या कोडमधल्या या २० साध्या ओळी आहेत आणि त्या मला सगळ्यात मोलाच्या वाटतात.

१४ जानेवारी

चौथ्या घाण्यात सहाव्या मिनिटाला वेग १० वरून उतरत ७ च्या खाली गेला. इतक्या लवकर इतका उतार म्हणजे घाणा विझत चाललाय असं समजून मी गॅस वाढवला. अर्ध्या मिनिटात वेग १३. तडतड नेहमीपेक्षा ४० सेकंद आधी आली आणि रंग बाहेरून पुढे, आतून मागे. तो माल विक्रीतून काढून ठेवला.

रात्री कच्ची वाचनं बघितली. तापमान अगदी शहाण्यासारखं चढत होतं, उतार नव्हताच. खोट होती वेळेच्या रकान्यात: लागोपाठच्या दोन वाचनांमध्ये १ सेकंदाऐवजी ७ सेकंदांचं अंतर. छोट्या कॉम्प्युटरचं घड्याळ नेटवर्कवरून वेळ मिळवतं. नेटवर्क तीन दिवस बंद होतं, तेवढ्यात घड्याळ ६ सेकंद मागे पडलं. आज घाणा चालू असतानाच नेटवर्क आलं आणि घड्याळाने एका उडीत स्वतःला सुधारलं. तापमान तेवढंच चढलेलं, वेळ मात्र जास्त गेलेली, म्हणून वेग कमी दिसला. तो खोटा खड्डा पुरते २० सेकंद टिकला, आणि माझा हात गॅसवर जायला तेवढे पुरले.

दोष माझ्या कोडचा. दोन क्षणांमधलं अंतर मोजायला दिवसाची वेळ सांगणारं घड्याळ वापरायचं नसतं. त्यासाठी कधीही मागेपुढे न उडणारं, एकाच दिशेने चालणारं घड्याळ असतं. पायथनमध्ये त्याला 'मोनोटॉनिक' म्हणतात. बदल तीन ओळींचा. दिवसाची वेळ आता फक्त घाण्याला नाव द्यायला वापरते.

१५ जानेवारी

कालच्या नुकसानीनंतर दोन नियम. एक, ज्या दिवशी भाजायचं त्या दिवशी सकाळी प्रोग्रॅममध्ये काहीही बदलायचं नाही. दोन, बदललेला प्रोग्रॅम मशीनला जोडण्याआधी त्याच्यावर जुना घाणा खेळवायचा. त्यासाठी एक छोटं साधन लिहिलं: नोंदवलेली वाचनं सेकंदाला एक याप्रमाणे सोडायची, जणू थर्मोकपलकडून आत्ता येतायत. कालचा घड्याळाच्या उडीचा घाणा त्यात कायमचा ठेवलाय. एक वायर सुटलेला घाणा आणि मी 'ड्रॉप' दाबायला विसरलेला घाणाही ठेवलाय.

याखेरीज आणखी एक: तडतडीची खूण करायला आजवर कीबोर्ड होता. हातमोजे घालून, कान मशीनकडे लावून कीबोर्डवर नेमकी कळ सापडत नाही. त्याऐवजी मशीनच्या कडेला तळहाताएवढं लाल बटण बसवलं. एका दाबात तीन-तीन नोंदी व्हायला लागल्या, कारण बटणाची पट्टी दाबताना थरथरते. एका दाबानंतरचे ३०० मिलिसेकंद दुर्लक्षित केले, आता ठीक.

१९ जानेवारी

दुसरा संशय थर्मोकपलवर. कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात धरला, ०.२५ दाखवतो. समाधानकारक. मात्र साफसफाईनंतर तो पुन्हा बसवताना दर वेळी किती आत जातो हे मी कधी मोजलं नव्हतं. २ मिलिमीटरही बाहेर आला तरी तो बियांऐवजी हवा जास्त मोजणार. आता दांडीवर कडी आवळून खोली पक्की केली.

पण यातून कोडं सुटत नाही. पहिला आणि तिसरा घाणा एकाच दिवसाचे, मध्ये कुणी थर्मोकपलला हात लावला नव्हता.

वजनंही बघितली. पहिल्या घाण्यात ४००० ग्रॅमचे ३४१२ झाले, म्हणजे १४.७ टक्के घट. तिसऱ्यात ३४१६, म्हणजे १४.६ टक्के. काहीच फरक नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात घोळते आहे. बिया आत टाकल्या की पडद्यावरचं तापमान २०० वरून खाली येतं, ९० च्या आसपास थांबतं आणि वर वळतं. नवीन माणसाला वाटतं बिया ९० अंशांवर आहेत. तसं नसतं. बिया खोलीच्या तापमानावरून आल्या आणि पहिल्या क्षणापासून तापतच आहेत. खाली येतोय तो तापलेला थर्मोकपल. दोघांची गाठ पडते तिथे रेषा वळते. म्हणजे त्या पहिल्या दीड मिनिटातली रेषा बियांबद्दल बोलतच नाही. मग त्याच्याही आधीचं, रिकाम्या ड्रमचं तापमान नेमकं कशाचं असतं?

२२ जानेवारी

पुढे जाण्याआधी फरक खरा आहे की आमच्या मनाचा, हे तपासलं. तीन कप, दोन एका घाण्याचे, एक दुसऱ्याचा. वेगळा कप ओळखायचा. मुलाला कप मी भरून दिले, खुणा कपांच्या तळाशी. ८.२५ ग्रॅम पूड, १५० मिलिलीटर पाणी ९३ अंशांचं, ४ मिनिटांनी वरचा थर फोडायचा. अशा सहा फेऱ्या.

त्याने सहापैकी पाच वेळा बरोबर ओळखला. नुसत्या अंदाजाने प्रत्येक फेरीत तीनात एक संधी असते. सहात पाच किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे २ टक्क्यांहून कमी. फरक खरा आहे. हा हिशोब चाखणीच्या पानावरच दिसेल अशी सोय केली, म्हणजे पुढच्या वेळी आम्ही दोघं एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवणार नाही.

२६ जानेवारी

आज संध्याकाळभर वहीतले गॅसचे आकडे प्रोग्रॅममध्ये भरले. पहिला घाणा: सुरुवात २९ मिलिबार, साडेचार मिनिटांनी २२, सात मिनिटांनी १५. तिसरा घाणा: २४, १८, १२.

दोन्हीकडे बियांचा आलेख तोच. पण पहिल्यात तो आलेख मिळवायला मी प्रत्येक टप्प्यावर चौथा-पाचवा हिस्सा जास्त गॅस जाळला होता.

मग बाहेर जाणाऱ्या हवेचं तापमान काढलं. ते तर डेटाबेसमध्ये पहिल्यापासून होतं. तुलनेच्या पडद्यावर गर्दी होते म्हणून ती रेषा मीच दोन वर्षांपूर्वी काढून टाकली होती. आज परत आणली. पहिल्या घाण्यात पाचव्या मिनिटाला हवा ९ अंशांनी जास्त तापलेली.

२७ जानेवारी

रात्रभर हेच डोक्यात होतं. आता सुचलेलं सरळ लिहिते.

भाजताना माझ्यासमोर आदल्या चांगल्या घाण्याची रेषा फिकट रंगात असते आणि मी आजची रेषा तिच्यावर बसवत जाते. खाली गेली की गॅस वाढव, वर गेली की कमी कर. आलेख जुळला, कारण मी तो जुळवला. जी गोष्ट मी स्वतः हाताने सारखी करत होते, तिच्या सारखेपणावरून घाणे सारखे आहेत असं म्हणत होते. फरक कुठेतरी जायलाच हवा होता. तो गॅसमध्ये गेला आणि गॅस वहीत होता.

पहिल्या घाण्याला जास्त गॅस का लागला? ड्रमचं लोखंड पुरतं तापलेलं नव्हतं. मी २० मिनिटं मशीन तापवते, पडद्यावर २०० आले की बिया टाकते. पण रिकाम्या ड्रममध्ये थर्मोकपल हवा मोजतो. हवा पटकन २०० ला पोचते, जाड धातूला वेळ लागतो. तिसऱ्या घाण्यापर्यंत लोखंडाच्या अंगात उष्णता मुरलेली असते. तिथे बियांना सुरुवातीचा बराच ताप धातूकडून मिळतो. पहिल्यात ती उणीव मी गरम हवेने भरून काढली. थर्मोकपलला दोन्ही सारखंच. बीला सारखं नाही.

आणि हे सगळं घडतं 'ड्रॉप' आणि पुढच्या 'चार्ज'च्या मध्ये. नेमकी तेव्हा माझी नोंद बंद असते.

२८ जानेवारी

खात्री करून घ्यायची म्हणजे रेषेमागे धावणं बंद करून बघायचं. तीन घाणे, तिन्हींना गॅसचे आकडे आणि वेळा ठरलेल्या: २४, १८, १२. पडदा भिंतीकडे वळवून ठेवला, बियांचं तापमान हाताकडे यायलाच नको. हात मागे बांधून उभं राहण्याइतकंच हे कठीण गेलं.

पहिल्या घाण्यात तडतड ९ मिनिटं ४० सेकंदांनी. दुसऱ्यात ९ मिनिटं ५. तिसऱ्यात ८ मिनिटं ५२.

४८ सेकंद. रोज सकाळी इतका फरक मी माझ्या हातांनी झाकत होते.

२ फेब्रुवारी

डेटाबेसची मांडणी बदलायला घेतली. आजवर 'घाणा' ही मूळ वस्तू होती आणि वाचनं तिच्या पोटात. जे घाण्यात नाही त्याला जागाच नव्हती. वाचनांना घाण्याचा क्रमांक सक्तीचा होता, त्यामुळे मधली वेळ नोंदवायची इच्छा असती तरी मला नोंदवता आली नसती. टेबल आखताना घेतलेला चार वर्षांपूर्वीचा एक निर्णय, आणि मशीनचा अर्धा दिवस मला दिसेनासा झाला.

आता मूळ वस्तू 'दिवस'. बर्नर पेटल्यापासून मशीन थंड होईपर्यंत वाचनांचा एकच अखंड ओघ: वेळ, बियांचं तापमान, हवेचं तापमान, गॅस. वेगळ्या टेबलात खुणा: चार्ज, तडतड, ड्रॉप, बर्नर बंद, दार उघडलं. घाणा म्हणजे दोन खुणांच्या मधला तुकडा, हवा तेव्हा कापून घ्यायचा. आठ तासांची वाचनं २८,८०० ओळी होतात. एसक्यूलाईटला ते काहीच नाही.

गॅससाठी नळीत दाबाचा सेन्सर बसवून घेतला. गॅसच्या नळीला मी स्वतः हात लावत नाही. ते काम त्यातल्या माणसाकडून करवलं आणि साबणाच्या पाण्याने गळती तपासून घेतली. वही तरीही सुरू ठेवणार. तिच्यात वास लिहिते: गवताचा वास कधी गेला, पावासारखा कधी आला, कधी आंबूस झोंबला.

५ फेब्रुवारी

जुने ४१२ घाणे नव्या मांडणीत हलवले. त्यांच्या मधल्या वेळा कुठेच नाहीत. चार्जच्या वेळांवरून अंतर काढता आलं, पण त्या वेळात बर्नर चालू होता की बंद, हवा किती उघडी होती, हे सांगता येत नाही. ते रकाने रिकामे ठेवले. सरासरी भरून आलेख सलग दिसला असता, पण पुढे कधीतरी मीच त्या आकड्यांवर विश्वास ठेवला असता.

९ फेब्रुवारी

मधल्या वेळेची पद्धत बसवतेय. घाणा बाहेर काढला की बर्नर बंद, हवा पूर्ण उघडी, १७० पर्यंत उतरू द्यायचं. मग हवा अर्धी, गॅस ८ मिलिबार, आणि सावकाश २०० कडे चढायचं. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे २०० ला खालून वर, दर वेळी त्याच गतीने पोचायचं. वरून खाली येताना २०० दिसले तर धातू हवेपेक्षा गरम असतो. खालून चढताना उलट. पडद्यावर एकच आकडा, आतली स्थिती दोन.

पडद्यावर या मधल्या वेळेचीही फिकट रेषा आता दिसते आणि खाली उलटी मोजणी. १७० ते २०० ला साडेतीन मिनिटं लागली पाहिजेत. दोन मिनिटांतच पोचलं तर धातू फार तापलेला, पाच लागली तर थंड. दोन्ही वेळा प्रोग्रॅम चार्जच्या जागी पिवळी पट्टी दाखवतो. अडवत नाही, दाखवतो.

सकाळचं तापवणं २० मिनिटांवरून ४५ वर नेलं, मंद गॅसवर. रिकाम्या ड्रमखाली मोठी आच लावायची नाही. त्यानंतर १७०-२०० ची उतरचढ रिकामीच दोनदा करायची, मग पहिला घाणा.

१० फेब्रुवारी

मुलाने विचारलं, "ताई, एवढं सगळं कळतंय तर गॅसही प्रोग्रॅमलाच सांभाळू दे ना." विचार मीही केलाय. पण गॅस हलवल्याचा परिणाम बियांच्या तापमानात दिसायला वेळ लागतो, आणि माझा वेग आणखी १० सेकंद जुना. अशा उशिरावर चालणारा नियंत्रक एकतर घाईने जास्त गॅस देतो नाहीतर सुस्तपणे कमी. शिवाय तो तेच करणार जे मी चार वर्षं केलं: रेषा जुळवणार, आणि कारण झाकणार. आत्ता मला कारणं उघडी हवीत. गॅस हातातच राहू दे.

१३ फेब्रुवारी

ठरलेल्या गॅसवर पुन्हा तीन घाणे, पडदा भिंतीकडे. तडतड: ८ मिनिटं ५८, ८ मिनिटं ५५, ८ मिनिटं ५३.

चार्ज करताना पहिल्या घाण्याची पट्टी पिवळी नव्हती. तडतडीचा आवाजही पहिल्यात भरघोस आला. एरवी पहिला घाणा जरा दबक्या आवाजात तडतडायचा आणि त्याचं कारण मी सकाळच्या गारव्यावर ढकलायचे.

१७ फेब्रुवारी

दोन तास ऑर्डरीच्या याद्या छापण्यात गेले. लेबलवर भाजल्याची तारीख येते, घाण्याचा क्रमांक येत नव्हता. आता येतो. कुणी म्हणालं की मागची पिशवी वेगळी लागली, तर मला नेमक्या त्या सकाळपर्यंत पोचता यायला हवं.

२१ फेब्रुवारी

तेराव्या तारखेचे पहिला आणि तिसरा घाणा आज टेबलावर. तीच पद्धत, तीन कप, सहा फेऱ्या.

सहापैकी दोन बरोबर. निव्वळ अंदाजाने जेवढे यावेत तेवढेच. सहा फेऱ्यांनी दोन घाणे एकच आहेत हे सिद्ध होत नाही, एवढंच म्हणता येईल की आज फरक सापडला नाही. पुढच्या आठवड्यांत फेऱ्या वाढवत जाईन. पण चौथ्या फेरीत त्याने तिन्ही कप परत परत प्यायले, चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, मला नाही कळत. तिन्हीत लिंबू आहे."

मी कपांचे तळ पलटून बघितले, आकडे भरले आणि मग उरलेला पहिला घाणा मीच बसून संपवला. गार होत गेला तसा गोड होत गेला.

२४ फेब्रुवारी

आता नॅचरल प्रक्रियेच्या बियांचं नवं पोतं उघडलंय. फळासकट वाळवलेल्या, साल जास्त, फोलपटं जास्त, आणि सुरुवातीला आच जरा मोठी झाली की टोकाला करपतात. १७०-२०० ची साडेतीन मिनिटं यांना चालणार नाहीत. चार्ज १९० वर ठेवून बघेन. त्यासाठी मधल्या वेळेची रेषा मालागणिक वेगळी ठेवायची सोय लागेल. आत्ता ती एकच आहे आणि कोडमध्ये थेट लिहिलेली. आज संध्याकाळी ती वेगळ्या टेबलात काढते, जुन्या चार घाण्यांवर खेळवते, मग मशीनला जोडते.

फोलपटांची आठवण या मालासाठी १२ ऐवजी ८ घाण्यांवर आणली.

उद्या सात घाणे. बर्नर पावणेसातला.